मांगूर म्हणून विकलेला मासा

फेब्रुवारीतली गोष्ट. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, शेततळ्यात उतरून पहिल्यांदा जाळं ओढत होते. औशापासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं रान आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुमच्यापैकी काहींनी शाळेत असताना टीव्हीवर पाहिलं असेल. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि तात्यांनी अर्ज भरला. तळं झालं, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, दोन-चार वर्षं त्यात नुसतं पाणीच साठवलं. मग कुणीतरी डोक्यात मासा घातला.

मासा म्हणजे मांगूर. कमी पाण्यात जगतो, बाजारात भाव चांगला, आजारी माणसाला डॉक्टरसुद्धा खायला सांगतात, असं बीज विकणाऱ्यानं सांगितलं होतं. ‘एकदम देशी हाय’ हेही सांगितलं. जुलैत बोटभर लांबीची दीड हजार बोटुकली प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून आली. चार रुपयाला एक.

सात महिन्यांनी जाळ्यात जे आलं ते पाऊण-एक किलोचं होतं. काळसर-करडं अंग, त्यावर संगमरवरासारखे डाग, पांढुरकं पोट, आणि फावड्यासारखं चपटं डोकं. तात्या खूश. जाळं ओढायला भोई गल्लीतले एक म्हातारे नाना बोलावले होते. त्यांनी एक मासा घट्ट धरला, डोक्याच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ह्यो मागूर न्हाई, लेकरा.”

“नाना, मिशा तर आहेत की.”

“मिशा समद्यालाच असत्यात. मागराच्या डोक्याला मागं एकच शेंडी असतीय. ह्येला तीन हायत.”

मी अंगठा फिरवून पाहिला. खरंच, कवटीच्या मागच्या कडेला हाडाची तीन टोकं लागत होती. त्या तीन टोकांमुळे मी पुढचे काही महिने जुन्या पुस्तकांत आणि शोधनिबंधांत घालवले, आणि तात्यांचं लाखभर रुपयांचं नुकसान झालं. आधी पुस्तकांचं सांगतो, कारण नानांच्या अंगठ्याला जे कळलं ते शास्त्राला नीट लिहायला अडीचशे वर्षं लागली आहेत.

सुरुवात १७५८ सालापासून. स्वीडनच्या लिनियसनं जगातल्या सगळ्या प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं द्यायला घेतली, त्यात एका मिशाळ माशाला त्यानं ‘सिल्युरस बॅट्रॅकस’ म्हटलं. हा मासा राहतो कुठे, तर आशिया आणि आफ्रिका. एवढा मोठा पत्ता दिल्यावर पोस्टमनची जी अवस्था होईल तीच पुढच्या शास्त्रज्ञांची झाली. जावापासून बंगालपर्यंत कुठेही असा मासा दिसला की त्याला बॅट्रॅकस म्हणायची सोय झाली.

मग १८२२ साल येतं. हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनीच्या डॉक्टरचं गंगेतल्या माशांवरचं पुस्तक छापून आलं. हॅमिल्टनची एक सवय मला फार आवडते. नवा मासा दिसला की तो लॅटिन शब्दकोश उघडत बसायचा नाही, कोळ्याला नाव विचारायचा. म्हणून आज जगभरचे शास्त्रज्ञ रोहूला ‘रोहिता’ म्हणतात, कटल्याला ‘कटला’ म्हणतात. तसंच त्यानं आपल्या माशाचं नाव ‘मागुर’ लिहिलं. बंगालच्या कोळ्यांच्या तोंडचा शब्द, जसाच्या तसा.

त्याच १८२२ साली विल्यम बर्चेल या प्रवाशाचं दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाचं पुस्तक निघालं. तिकडच्या ऑरेंज नदीला स्थानिक लोक गॅरिप म्हणतात. त्या नदीत त्याला एक मोठा मिशाळ मासा मिळाला, त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘गॅरिपिनस’. म्हणजे एकाच वर्षी, दोन खंडांत, दोन मासे दोन स्थानिक नावांनी पुस्तकात गेले. मधे अख्खा हिंदी महासागर होता. ते कधी एकाच तळ्यात भेटतील असं त्या दोघांपैकी कुणाला वाटलं असेल?

आपल्याकडे, म्हणजे दख्खनमध्ये, हेच काम कर्नल विल्यम हेन्री साइक्सनं केलं. १८२४ साली मुंबई सरकारनं त्याला सांख्यिकी अधिकारी नेमलं. काम होतं शेती, लोकसंख्या, बाजारभाव मोजायचं. पण हा गडी पक्षीही मोजायचा, मासेही. पुण्याच्या मुळा-मुठेपासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत त्यानं मासे जमवले, चित्रं काढवून घेतली, आणि विलायतेत गेल्यावर लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे वाचली. १८३९ साली नावं छापली गेली. ती नावं मोठ्यानं वाचून बघा: सींगटी, सींघाला, गोग्रा, गुंगवारी, ताकरी, कुटरनी. इंग्रज कानांनी ऐकून लिहिलेली मराठी आहे ही! आमच्याकडे अजून ‘शिंगटी’ म्हणतात. शिंगासारखा काटा लागतो हाताला, म्हणून. आज नॉर्वेतला एखादा विद्यार्थी ‘मिस्टस सींगटी’ असं लिहितो तेव्हा तो नकळत मुठेकाठच्या कुण्या भोयाचा शब्द लिहीत असतो. त्या भोयाचं नाव मात्र कुठंच नाही.

साइक्सच्या याद्यांत औसा नाही. असायचं कारण नाही; तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. इकडच्या माशांची नीट मोजदाद व्हायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. मोहम्मद रहिमुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद संस्थानातल्या माशांची पाहणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भागाभागानं छापली. मराठवाड्याच्या इतिहासात रझाकार आहेत, पोलीस ॲक्शन आहे, ते असायलाच हवं. पण त्याच दशकात कुणीतरी शांतपणे संस्थानातल्या नद्यांमधले मासे बाटल्यांत भरत होतं, हे वाचून मला बरं वाटलं.

मधेच एक गंमत सांगतो. १९५२ साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूरकडच्या एका छोट्या मिशाळ माशाचं वर्णन छापलं. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. कोळी त्याला ‘खवलचोर’ म्हणत. कुलकर्णींनी शास्त्रीय नावातही तेच ठेवलं: खवलचोर. एवढं अचूक नाव लॅटिनमध्ये सुचलं असतं का, मला शंका आहे.

ही सगळी नावं सांगण्याचं कारण आहे. मिशाळ माशांच्या कुळात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती इतक्या आहेत की त्या वेगळ्या काढणं हाच एक इतिहास आहे. साइक्सचा गोग्रा आणि साइक्सचाच कुटरनी हे एकाच गटातले भाऊ. त्यांचा घोळ पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. गोदावरी खोऱ्यातून त्याच गटातली आणखी एक नवी जात, रिटा बकालू, वेगळी ओळखली गेली ती थेट २०१७ साली. म्हणजे आपण नांदेडला पुलावर उभे राहून ज्या नदीकडे बघतो, तिच्या खोऱ्यातला मासा २०१७ पर्यंत दुसऱ्याच्या नावावर खपत होता.

आता पुन्हा मागुराकडे. विसाव्या शतकात हॅमिल्टनचं ‘मागुर’ हे नाव हळूहळू पुसलं गेलं. जावाचा मासा, बंगालचा मासा, आपला मासा, सगळे एकच, सगळे बॅट्रॅकस, असं मत रूढ झालं. भारतातल्या सरकारी कागदांत, पाठ्यपुस्तकांत, प्रबंधांत देशी मागूर म्हणजे ‘क्लॅरियस बॅट्रॅकस’. मराठवाड्यातल्या नद्या-तलावांच्या माशांच्या याद्या काढून बघा, हेच नाव सापडेल. २००८ साली हियोक ही न्ग आणि मॉरिस कोटेलाट या दोघांनी हा गुंता सोडवला. खरा बॅट्रॅकस फक्त जावाचा, असं त्यांनी एक नमुना निश्चित करून ठरवलं. भारतातल्या माशाला त्याचं जुनं नाव परत मिळालं: क्लॅरियस मागुर. पश्चिम घाटाच्या बाजूला दुसुमिएरी नावाचा आणखी एक चुलतभाऊ आहे, तो वेगळा.

तुम्ही म्हणाल, नावानं काय फरक पडतो? मासा तर तोच. मलाही तसंच वाटलं होतं. पण असं बघा. जावापासून बंगालपर्यंत एकच जात मानली तर ती भरपूर आहे, काळजीचं कारण नाही. तीच जात तोडून निराळी केली की कळतं, आपल्या वाट्याचा मासा थोडाच उरलाय. क्लॅरियस मागुर आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. बिहारनं त्याला राज्यमासा केलंय. चुकीच्या नावाखाली तो किती वर्षं कमी होत गेला, याचा हिशोब कुणाकडे असणार?

आणि नेमक्या याच गोंधळाच्या काळात गॅरिपचा मासा येऊन पोचला.

आला तो आडवाटेनं. १९८९ च्या सुमारास थायलंडमधून बांगलादेशात आणला गेला आणि तिथून चोरून पश्चिम बंगालमध्ये. थायलंडहून आला म्हणून लोक त्याला ‘थाई मांगूर’ म्हणू लागले. खरं तर तो थाई नाही आणि मांगूरही नाही. नावातले दोन्ही शब्द चुकीचे असलेला असा मासा दुसरा नसेल.

शेतकऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर त्याच्यासारखा गुणी मासा नाही. देशी मागूर आठ-दहा महिन्यांत शे-दीडशे ग्रॅम भरला तरी पुष्कळ. हा तेवढ्यात किलोला टेकतो. ऑक्सिजन नसलेल्या गढूळ पाण्यात तोंड वर काढून हवा घेतो. हे दोघांनाही येतं, कल्ल्यांच्या वर त्यासाठी झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो. ओल असली तर जमिनीवरून सरपटत पुढच्या डबक्यात जातो. आणि खातो काहीही: मासे, बेडूक, किडे, कोंबडीची आतडी, कत्तलखान्याची घाण. पुष्कळ ठिकाणी त्याला तेच घालून वाढवतात. नदीत सुटला तर आधी शेजाऱ्यांना खातो. म्हणून केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये पुन्हा कान उपटले, तेव्हा महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागानं ठिकठिकाणी तळी उपसून टनावारी मासे पुरले.

तरी तो मिळतोच. कारण बीज विकताना ओळखायचं कसं? मोठ्या माशात सोपं आहे: डोक्याचं हाड, डाग, चपटं रुंद डोकं, कल्ल्याच्या आत दाट कंगव्यासारखे दाते. पण बीज विकलं जातं मत्स्यजिऱ्याच्या नाहीतर बोटुकलीच्या अवस्थेत. तेव्हा दोघंही शेपटी हलवणाऱ्या काळ्या रेघा असतात. तीन शेंड्या हाताला लागतील एवढं हाडच तयार झालेलं नसतं. विकणारा ‘देशी’ म्हणाला की देशी.

इथं मराठवाड्याचाच एक दुवा येतो, आणि तो मला सगळं वाचून झाल्यावर सापडला, याची थोडी लाज वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंगचं केंद्र आहे. हेबर्ट हे कॅनडाचे शास्त्रज्ञ. २००३ साली त्यांनी मांडलं की प्राण्याच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचला, तर किराणा दुकानातल्या बारकोडसारखी जात ओळखता येते. पराचा नखाएवढा तुकडा पुरतो. मासा शिजवलेला असो की बोटुकली असो, फरक पडत नाही. या केंद्रातल्या डॉ. गुलाब खेडकर आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या बाजारांतून देशी मागूर म्हणून विकले जाणारे मासे घेतले आणि त्यांचे बारकोड वाचले. निष्कर्ष निबंधाच्या शीर्षकातच आहे: देशी माशाच्या जागी आफ्रिकी मासा मोठ्या प्रमाणात विकला जातोय. तात्यांच्या तळ्यात जे झालं ते देशभर होत होतं, एवढंच.

हे वाचल्यावर मला त्या याद्या आठवल्या. गेल्या तीसेक वर्षांत आपल्या भागातल्या तलावांवर जे प्रबंध झाले, त्यांत ‘बॅट्रॅकस आढळला’ असं लिहिलेलं असतं. कुठला आढळला? जावाचा तर नक्कीच नाही. आपला मागूर, की मांगूर म्हणून सोडलेला गॅरिपिनस? नमुना बाटलीत ठेवला असेल तर आजही हाड बघून सांगता येईल. नसेल, तर ती ओळ कागदावर आहे आणि मासा कोणता होता ते कायमचं गेलं.

पैदास करणाऱ्याचं तर आणखी अवघड. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरींनी रोहू-मृगळच्या गटातल्या माशांना इंजेक्शन देऊन तळ्यात अंडी घालायला लावली. आजची सगळी मत्स्यबीज केंद्रं त्या दिवसावर उभी आहेत. मागुराचीही तशी पैदास होते, पण एक अडचण आहे. मादीचं पोट दाबून अंडी काढता येतात, नराचं पोट दाबून काही निघत नाही. नर कापावा लागतो, वृषण काढून कुस्करावं लागतं. म्हणजे प्रत्येक वेळी एक देशी नर खर्ची. देशी नर मिळायला दुर्मीळ, आफ्रिकी नर मोठा, स्वस्त, भरपूर. अशा वेळी देशी मादीला आफ्रिकी नर लावायचा मोह कुणाला होणार नाही? संकर जमतो. पिल्लं लवकर वाढतात. थायलंडमध्ये तिथल्या स्थानिक जातीबरोबर हेच घडलं, आणि मग तिथल्या रानटी माशांतही आफ्रिकी रक्त सापडलं. अशी संकरित पिल्लं ‘संवर्धन’ म्हणून नदीत सोडली, तर सोडणारा हार घालून फोटो काढेल आणि नदीतला उरलासुरला मागूर त्या दिवसापासून बाटत जाईल. संकराच्या डोक्याला किती शेंड्या असतात, ते नानांनाही सांगता येणार नाही.

तर, तात्यांचं तळं.

मी मोबाइलवर फोटो दाखवले, बंदीची बातमी दाखवली. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्या काय चोरी केली काय? मला देशी म्हणून दिलाय.” खरंच होतं. बीज विकणाऱ्याला फोन लावला. आधी तो म्हणाला असं होऊच शकत नाही, मग म्हणाला काळजी करू नका, रात्री गाडी पाठवतो, सगळा माल उचलतो, रोख पैसे. टनभर मासा होता. खाद्याची उधारी होती. काकू मला आत बोलावून म्हणाल्या, “तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव रे बाबा.”

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांनीच मत्स्यव्यवसाय कार्यालयात फोन केला. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं: तळं पूर्ण उपसा, पाणी ओढ्यात सोडू नका, खोल खड्डा, चुना. तात्या का वळले ते मी विचारलं नाही. नानांनी त्यांना काहीतरी सांगितलं असावं. नानांच्या लहानपणी तेरणेच्या डोहात मृगाच्या पावसाला मागूर चढायचा, टोपलीनं धरायचे, बाळंतिणीला द्यायचे. गेली कित्येक वर्षं त्यांनी तिथं एकही पाहिलेला नाही.

मोटार लावून पाणी उसाला दिलं, पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधून. तळ उघडा पडला तरी मासे मरेनात. तासन्‌तास गाळात लोळत, तोंड उघडून हवा घेत राहिले. जेसीबीचा खड्डा, वर चुना. तात्या कडेला बसून मोजत होते. मी म्हटलं, मोजता कशाला आता. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

अकराशे चौऱ्याऐंशी भरले.

सोडले होते दीड हजार. काही लहानपणी मेले असतील, काही बगळ्यांनी नेले असतील, काही एकमेकांनी खाल्ले असतील. पण सप्टेंबरात एक रात्र तुफान पाऊस झाला होता आणि सकाळी तळ्याचा बांध ओला होता, पाणी कडेवरून ओढ्याकडे गेल्याच्या खुणा होत्या. आमचा ओढा तावरजेला मिळतो, तावरजा मांजरेला, मांजरा गोदावरीला.

या जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर नाना आणि मी ओढ्याच्या डबक्यात जाळं टाकून आलो. तीन शिंगट्या, एक मरळ, बाकी चिखल. नाना म्हणाले, “आनि दोन पाऊस होऊ दे, मग परत टाकू.”